घर पाडायचं नव्हतंच: सोलापुरातल्या एका नोटिशीचं प्रकरण

या प्रकरणातलं घर आजही उभं आहे, हे आधीच सांगून टाकतो. जेसीबी आला नाही, भिंत पडली नाही, वर्तमानपत्रात ओळ छापून आली नाही. तरीही घरांवर राजकीय सत्ता कशी चालते हे समजून घ्यायला मला पडलेल्या घरांपेक्षा हे न पडलेलं घर जास्त उपयोगी वाटतं. अशील आणि शेजारी ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत, सारख्याच वळणाच्या दोन-तीन फायलींतल्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, आणि नोटीस काढणाऱ्या कार्यालयाचं नाव घेतलेलं नाही. शहराच्या कडेला तशीही महापालिका, नगर रचना, तहसील, भूमी अभिलेख अशी चार दारं असतात आणि माणूस चारही दारांत चपला झिजवतो.

घर आणि त्याचे कागद

अशील म्हणजे पूर्व भागातल्या एक अक्का. घरी तेलुगू, बाहेर मराठी. आयुष्यभर विड्या वळल्या, नवरा यंत्रमागावर टॉवेल विणायचा, तो गेला. मुलगा गणवेश शिवणाऱ्या गारमेंटमध्ये कटिंगला आहे. घराची जागा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. खाली दोन खोल्या आणि मोरी, वर स्लॅबवर एक खोली, बाहेरून गल्लीत उतरणारा सिमेंटचा जिना.

ही जागा एका शेतकऱ्याकडून घेतलेली. खरेदीखत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी आहे. यात फसवाफसवी काही नव्हती. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा एवढा छोटा तुकडा नोंदणी कार्यालयात जाऊन विकताच येत नव्हता. गिरण्या बंद पडल्या, माणसं यंत्रमागावर आणि विडीवर आली, शहरातलं भाडं परवडेना, आणि कडेच्या शेतकऱ्याने शेतात चुन्याच्या रेघा मारून गुंठे पाडले. घेणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक, तलाठ्याला ठाऊक. सातबाऱ्यावर आजही त्या शेतकऱ्याच्या वारसांची नावं आहेत. २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदी सैल करण्याची घोषणा विधिमंडळात केली, तेव्हा अख्ख्या गल्लीने पेढे खाल्ले. घोषणा आणि सातबारा यांच्यामधलं अंतर पेढे खाताना कुणी मोजत नाही.

बाकी कागद मात्र भरपूर. महावितरणचं बिल, नळाची पावती, रेशन कार्ड, मतदार यादीत तिघांची नावं, आणि घरपट्टी. या घरपट्टीकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६७ अ आहे. विनापरवाना बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची सोय त्यात आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हेही तिथेच लिहून ठेवलंय. म्हणजे घर बेकायदा आहे हे सरकारला माहीत, त्याचा दंडही दरसाल वसूल, आणि तरी घर बेकायदाच. अक्कांनी प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या पावत्या जपल्या होत्या. त्यांना वाटत होतं, इतकी वर्षं भरतोय म्हणजे आपलं घर पक्कं झालं. शंभरातल्या नव्वद जणांना असंच वाटतं.

नियमित करून घ्यायची वाट नव्हती असं नाही. गुंठेवारीचा, म्हणजे असे गुंठ्यागुंठ्याने पाडलेले तुकडे नियमित करण्याचा कायदा २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या तुकड्यांपुरता होता, २०२१ मध्ये दुरुस्ती करून तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणला. पण त्यासाठी मोजणी, नकाशा, विकास शुल्क आणि प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवून घेण्याची रक्कम) लागतं, आणि त्या वर्षी अक्कांच्या भिशीचे पैसे पोरीच्या लग्नाला गेले. कुठलंही शहाणं घर हाच क्रम लावेल.

इथे एक तुलना मुद्दाम करतो. अक्कांची सख्खी बहीण कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. विडी कामगारांची ती १०,००० घरं २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. पुढे त्याच भागात रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प उभा राहिला, त्यातल्या पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. दोन्ही प्रकल्पांमागे माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांची वर्षानुवर्षांची लढाई आहे. घर देण्यातही राजकारण आहेच, ते कुणी नाकारू नये. पण दोघी बहिणींचा धंदा एक, मजुरी एक, एकीला घराच्या कागदावरून कुणी दम देऊ शकत नाही आणि दुसरीला कुणीही देऊ शकतो.

फ्लेक्स

अक्कांचं घर गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावरून दिसणारं. निवडणुकीत मुलाने मित्राच्या शब्दाखातर गच्चीवर एका उमेदवाराचा फ्लेक्स लावू दिला. दोघे मार्कंडेय रथोत्सवाच्या मिरवणुकीत बरोबर असतात, एवढीच दोस्ती. भागातल्या दुसऱ्या एका पुढाऱ्याला ते खटकलं. या पुढाऱ्याकडे तेव्हा पद नव्हतं, वजन होतं. लोक त्याला भाऊ म्हणतात. सोलापूर महापालिकेत मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, त्यानंतर वजनाला पदाची गरज उरली नव्हती. कुणाचा नळ जोडायचा, कुणाची गटार काढायची, हे सांगणारा माणूस म्हणजे नगरसेवक, मग तो निवडून आलेला असो वा नसो.

भाऊंचा माणूस येऊन म्हणाला, "फ्लेक्स काढा, भाऊंना बरं दिसंना." मुलगा म्हणाला, मतदान झालं की काढतो. झालं एवढंच. शिवीगाळ नाही, धमकी नाही. मतदान झालं, फ्लेक्स उतरला, आणि थोड्याच दिवसांत कार्यालयात तक्रार अर्ज पडला: सदर इसमाने विनापरवाना बांधकाम करून सार्वजनिक रस्त्यात अतिक्रमण केले आहे. अर्जदाराचं नाव गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं.

नोटीस

नोटीस शनिवारी संध्याकाळी दारावर खळीने चिकटवलेली सापडली. तारीख १७. शनिवार संध्याकाळ निवडण्यात मला नवल वाटलं नाही, कोर्टं बंद असतात. नोटिशीवर टाइप केलेली तारीख मात्र ३. मुदत नोटिशीच्या तारखेपासून १५ दिवस. म्हणजे अक्कांच्या हातात उरला एक रविवार.

अक्कांनी ती दारावरून ओढून काढली नाही, हे फार बरं केलं. सुरीने कडा सोडवून, ओली असतानाच वर्तमानपत्रावर पसरून वाळवली. बुधवारी रजिस्टर पोस्टाचा लिफाफा आला. त्यावर पोस्टाचा शिक्का १६ तारखेचा, शुक्रवारचा. मी अक्कांच्या ओट्यावर बसून तीन गोष्टी शेजारी ठेवल्या: वाळून पापड झालेली नोटीस, लिफाफा आणि भिंतीवरचं कालनिर्णय. ३ तारीखही शनिवारच निघाली. राज्य सरकारच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. जावक क्रमांक हाताने लिहिलेला, आणि त्याची शाई सहीच्या शाईपेक्षा वेगळी. सुट्टीच्या दिवशी बसून काम केलं असं कुणी म्हणू शकतं, शाईचं तर काहीच सिद्ध होत नाही. पोस्टाचा शिक्का मात्र बोलतो.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठामार्फत जो निकाल दिला, तो मला ग्रंथालयात बसून जितका कळला नव्हता तितका त्या ओट्यावर कळला. निकालात तत्त्वांची पानं बरीच आहेत: आरोपीचं घर पाडणं म्हणजे खटल्याशिवाय शिक्षा, ती प्रशासनाने द्यायची नाही, आणि एकाच्या गुन्ह्यासाठी घरातल्या सगळ्यांना उघड्यावर आणायचं नाही. पण माझ्या मते त्या निकालाचा खरा जीव त्याच्या कारकुनी सूचनांत आहे. १५ दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्यापासून. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि घरावरही चिकटवायची. नोटीस बजावली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेलने कळवायचं आणि तिकडून आपोआप पोच आली पाहिजे. ही ईमेलची सूचना कशासाठी, तर मागची तारीख घालता येऊ नये यासाठी, असं न्यायालयाने सरळ म्हटलंय. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जावक नोंदवहीपर्यंत खाली उतरावं लागलं, यावरून तिथे काय काय चालत असेल याचा अंदाज यावा.

नोटिशीत आणखी काय हवं तेही ठरलेलं आहे: बांधकामात नेमकं काय नियमबाह्य आहे, पाडण्याची कारणं, कोणते कागद घेऊन यायचं, सुनावणी कोणासमोर आणि कधी. अक्कांच्या नोटिशीत "विनापरवाना बांधकाम" एवढाच शब्दप्रयोग. खालची खोली की वरची, जिना की अख्खं घर, काही नाही. सुनावणीची तारीखही नाही.

सोमवारी तिथल्या, बांधकामांची पाहणी करणाऱ्या आवेक्षकांना भेटलो. भला माणूस. चहा मागवला. म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही कशाला टेन्शन घेताय? पाडायला कोण चाललंय? त्यांना एकदा भाऊंकडे जाऊन यायला सांगा की."

या एका वाक्यात अख्खं प्रकरण आहे, म्हणून ते इथे जसंच्या तसं लिहिलं. त्यांना घर पाडायचं नव्हतंच. पाडलं की बातमी होते, कोर्ट होतं, पंचनामा होतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फाइल संपते. फाइल जिवंत ठेवण्यात जास्त फायदा. घर पाडता येईल अशा स्थितीत ठेवायचं, आणि न पाडल्याचे उपकार वर्षानुवर्षं वसूल करायचे.

देशभर गाजलेली प्रकरणं आणि आमची गल्ली

दिल्लीचं जहांगीरपुरी आणि मध्य प्रदेशातलं खरगोन, दंग्यांनंतर बुलडोझर चालवल्याची ही दोन्ही प्रकरणं एप्रिल २०२२ ची. तेव्हा गल्लीत टीव्हीसमोर लोक म्हणायचे, ते तिकडचं, आणि ते त्या लोकांचं. गाजलेली बहुतेक घरं मुसलमानांची होती हे खरंच आहे, आणि आडपडदा न ठेवता ते म्हटलं पाहिजे. पण यंत्र एकदा दारात उभं केलं की ते कुणाच्या हातात जाईल याची हमी नसते. मुंबईत ९ सप्टेंबर २०२० ला कंगना राणावत यांच्या पाली हिलच्या बंगल्यावर महापालिकेने हातोडा चालवला. नोटिशीची मुदत होती २४ तास. तेव्हा राज्यात आणि मुंबई महापालिकेत सत्ता आजच्या बुलडोझरवाल्यांच्या विरोधकांची होती. २७ नोव्हेंबर २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई द्वेषबुद्धीची आणि बेकायदा ठरवली. त्याच्याही मागे जायचं तर १९८१ ला जावं लागेल. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना भर पावसाळ्यात पदपथावरच्या झोपड्या हटवायला निघाले, त्यातून १९८५ चा ऑल्गा टेलिस निकाल आला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो हे त्यात म्हटलंय. म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय हटवू नये, हेही त्यातच आहे. चाळीस वर्षांनी आम्ही त्याच म्हणणं ऐकून घेण्यासाठी अर्ज लिहीत होतो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते नागपूर. १७ मार्च २०२५ च्या दंगलीनंतर तिथल्या एका प्रमुख आरोपीचं घर महापालिकेने २४ मार्चला पाडलं. घर त्याच्या आईच्या नावावर होतं. त्याच दिवशी नागपूर खंडपीठाने स्थगिती दिली, पण ते घर तोवर पडलेलं होतं. पुढे आयुक्तांनी न्यायालयाची माफी मागितली आणि सांगितलं की संबंधित अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांची माहितीच नव्हती. निकालाला तेव्हा चार महिने होऊन गेले होते. आमच्या उत्तरासोबत मी निकालातल्या सूचनांची पूर्ण प्रत जोडली आणि आवक शिक्का मारून घेतला तो यासाठीच. आता माहिती नव्हती असं कुणाला म्हणता येणार नव्हतं. निकालात आणखी एक वाक्य असं आहे की ते दाखवलं की साहेब लोक खुर्चीत सरळ होतात: सूचना मोडून घर पाडलं तर ते पुन्हा उभं करण्याचा खर्च अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून, नुकसानभरपाई वेगळी. प्रयागराजमध्ये २०२१ साली पाडलेल्या घरांपोटी १ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच जणांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला लावले, तेही जोडलं. ते पैसे प्राधिकरणाने द्यायचे होते, अधिकाऱ्याने नाही, हा फरक मी मुद्दाम अधोरेखित केला नाही. ते काम समोरच्यांचं.

रस्त्याची पळवाट

निकालातली सगळी संरक्षणं एका ठिकाणी थांबतात. बांधकाम सार्वजनिक रस्त्यावर, पदपथावर, रेल्वेलाइनला लागून किंवा नदी-तलावाच्या जागेत असेल, किंवा कोर्टाचाच पाडण्याचा हुकूम असेल, तर त्या सूचना लागू नाहीत. म्हणून आता नोटिसा आणि तक्रारी हुशार झाल्या आहेत. जिथे तिथे "सार्वजनिक रस्ता" किंवा "नाला" हा शब्द पेरलेला असतो. अक्कांचा जिना गल्लीत उतरतो, तेवढ्यावरून तक्रारीत रस्ता आला.

पण ही गल्ली सार्वजनिक रस्ता आहे का? विकास आराखड्यात ती नाही. शेतकऱ्याने गुंठे पाडताना बैलगाडी जाईल एवढी जागा सोडली, तीच गल्ली. ती कुणाकडे रीतसर हस्तांतरित झाल्याचा कागद कार्यालयाकडेही नव्हता. ज्या कार्यालयाच्या दृष्टीने आमचा लेआउटच अस्तित्वात नाही, त्याला त्याच लेआउटमधला रस्ता मात्र सार्वजनिक वाटत होता. हा मुद्दा चांगला लागला. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि रस्त्याचा विषय तिथेच सोडला.

शेजाऱ्याचं घर दाखवायचं की नाही

आता खरा पेच. निकालात असं म्हटलंय की आजूबाजूला तशीच बांधकामं असताना त्यांना हात न लावता अचानक एकच निवडलं, तर हेतूबद्दल शंका घ्यायला जागा आहे. वकिलाला यापेक्षा मोठा मुद्दा काय हवा? गल्लीतली सगळी घरं नोटरीवरची. सगळ्यांच्या घरपट्टीत शास्ती. जिने तर प्रत्येकाचेच बाहेर, काहींच्या पायऱ्या अक्कांच्या पायऱ्यांपेक्षा पुढे आलेल्या. शेजाऱ्यांच्या पावत्यांच्या प्रती आणि जिन्यांचे फोटो जोडले की डूख धरून केलेली कारवाई जवळपास सिद्ध.

मी अक्कांना म्हटलं, गल्लीतून पावत्या गोळा करा. त्या गेल्याच नाहीत. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाल्या, "माझं घर वाचवाया दुसऱ्याचं दाखवू का मी? उद्या ह्यांच्याच नळावर पाणी भरायचंय."

मी कायदा समजावला. आपण त्यांची तक्रार करत नाही, फक्त सारखेपणा दाखवतोय. त्यांनी तो मुद्दा माझ्यापेक्षा आधी ओळखला होता. कार्यालयात एकदा कागद गेला की तो कागद असतो. आज अक्कांच्या बाजूचा पुरावा, उद्या त्या घरांची यादी. मुलगा चिडला, मोबाइलवर फोटो काढायला निघाला, तेव्हा शेजारच्या मामांनी हात जोडले म्हणे. तेच मामा, जे नोटीस आली त्या रात्री न जेवता अक्कांच्या घरात बसून राहिले होते.

निवडून कारवाई केली हे सिद्ध करायचं तर शेजाऱ्याची बेकायदेशीरता सरकारदरबारी मांडावी लागते. ज्याला हे पटतं त्याची गल्ली फुटते, ज्याला पटत नाही त्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा जातो. अख्खी वस्ती अर्धी कायद्यात आणि अर्धी कायद्याबाहेर ठेवण्याचा हा फायदा पुढाऱ्याला न मागता मिळतो. लोक एकत्र येत नाहीत याचं कारण भेकडपणा नसतो. एकत्र आले की सगळ्यांचीच नावं एका कागदावर येतात.

मी तो मुद्दा सोडला. सारखेपणाबद्दल एकच मोघम वाक्य उत्तरात ठेवलं, घर क्रमांक न देता. वकिली म्हणून ते कच्चं होतं. पण अशिलाने नको म्हटलेला पुरावा आपण ठेवायचा नसतो.

चिमणी

याच शहराने पाडापाडीचं दुसरं टोकही पाहिलंय. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी होटगी रस्त्याच्या विमानतळाच्या उड्डाणमार्गात येते, ती विनापरवाना आहे, म्हणून ती पाडावी, हा वाद सोलापूरने वर्षानुवर्षं ऐकला. मोर्चे निघाले, प्रतिमोर्चे निघाले, नोटिसा, सुनावण्या, उच्च न्यायालय, सगळं झालं. चिमणी पडली १५ जून २०२३ ला, मोठ्या पोलीस बंदोबस्तात. गोव्याचं पहिलं विमान उडालं ९ जून २०२५ ला. ती पाडणं बरोबर की चूक यावर मला इथे बोलायचं नाही, दोन्ही बाजूंनी बोलणारे या शहरात कमी नाहीत. मला एवढंच दिसतं की चिमणीला वर्षं मिळाली, कारण चिमणीमागे ऊस उत्पादक सभासद होते, वकील होते, मोर्चाला ट्रॅक्टर होते. चिमणीत कुणी झोपत नव्हतं. अक्कांना कागदावर १५ दिवस मिळाले होते, प्रत्यक्षात एक रविवार.

सुनावणी आणि नंतर

आम्ही दोन अर्ज एकदम दिले. एक, नोटिशीला उत्तर: मुदत मिळाल्याच्या तारखेपासून मोजावी, जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेल्या ईमेलची आणि पोचेची प्रत द्यावी, सुनावणीची तारीख द्यावी. दुसरा, प्रादेशिक व नगररचना अधिनियमातल्या कलम ५३ (३) प्रमाणे बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीचा, कलम ४४ खाली. हा दुसरा अर्ज लोकांना माहीत नसतो. नोटिशीच्या मुदतीत तो दिला तर त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर घराला हात लावता येत नाही. घराला नोटीस आली की लोक आधी पुढाऱ्याकडे धावतात, मग वकिलाकडे, आणि तोवर ही मुदत निघून गेलेली असते.

उच्च न्यायालयाची तयारीही ठेवली होती. आधी त्यासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीतून मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे गेला. अंतर कमी झालं, पण वकिलाची फी तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. विडीच्या मजुरीवर रिट याचिका परवडत नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

जायची वेळ आली नाही. पदनिर्देशित, म्हणजे अशा कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली. ईमेलची प्रत त्यांनी दिली नाही, "शोधून देतो" म्हणाले. मी "मागणी केली, दिली नाही" असं रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत लिहून घेतलं. लिफाफ्याचा शिक्का दाखवल्यावर त्यांनी चष्मा काढून तो बघितला, परत घातला, आणि खालच्या आवाजात कारकुनाला काहीतरी सांगितलं. आदेश आला तो असा: कलम ४४ खालील अर्जावर निर्णय होईपर्यंत पुढील कार्यवाही स्थगित. नोटीस रद्द नाही. मागे घेतलेली नाही. कपाटात आहे.

आठवड्याभरात भाऊंचा माणूस पुन्हा आला. म्हणाला, "भाऊंनी साहेबांना फोन केला म्हणून थांबलं बघा." अक्कांनी त्याला पाणी दिलं, चहाही दिला. मुलगा धुमसत होता. मी गेल्यावर त्याने विचारलं, कागद आपण लढवले आणि उपकार ह्याचे का? माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण गल्लीतल्या बऱ्याच जणांचा भाऊंच्या फोनवर जास्त विश्वास बसला. तो फोन खरंच झाला की नाही हे कुणी विचारलं नाही. जो पाडू शकतो तोच वाचवू शकतो, हा हिशेब लोकांच्या मनात इतका पक्का आहे की रोजनाम्याची प्रत दाखवून तो हलत नाही. पुढच्या निवडणुकीला गच्ची कुणाची असेल हे मी अक्कांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

एक गोष्ट मात्र हलली. गल्लीतल्या काही जणांनी मिळून गुंठेवारीचा अर्ज करायचं ठरवलं. सगळ्यांनी नाही. मोजणी झाली की रस्ता नकाशावर सरळ रेघेत दाखवावा लागणार, आणि ती रेघ एका बाजूच्या ओट्यांवरून, पायऱ्यांवरून आणि दोन संडासांवरून जाते. त्या बाजूचे लोक सही करत नाहीत, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. दुसऱ्या बाजूने सह्या केल्या. अक्कांचा जिनाही रेघेत येतो. सही करताना त्यांनी गवंड्याला विचारून ठेवलं होतं, सिमेंटचा काढून आतल्या अंगाला लोखंडी गोल जिना बसवायला किती लागतील म्हणून. भूमी अभिलेखमध्ये मोजणीची फी भरून झाली आहे. तारीख मिळायची आहे, आणि सही न केलेल्या घरांपैकी एकाने मोजणीला हरकत घेणार असल्याचं कळवलंय.